समुद्रकाकडीचं आख्यान

खोली बघायला मी पहिल्यांदा सरांच्या घरी गेले, तेव्हा भाडं, पाणी, कचऱ्याची गाडी यांतलं काहीही न सांगता त्यांनी मला एका माशाची गोष्ट सांगितली. हा मासा म्हणे समुद्रकाकडीच्या पोटात बिऱ्हाड करून राहतो. दिवसभर आत, अंधार पडला की बाहेर, उजाडायच्या सुमारास पुन्हा आत. "आणि जायचं-यायचं दार," ते म्हणाले, "मागचं." तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला, "अहो, त्यांना आधी जिना तर दाखवा." जिना घराच्या मागच्या बाजूला होता. मी खोली घेतली, पण पुढे कितीतरी दिवस तो जिना चढताना मला हसू फुटायचं.

मी मूळची देवासची. धारच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले आणि सर तिथेच प्राणिशास्त्राचे. पोरं त्यांना ककडीसर म्हणत. तोंडावर नाही, पण पाठ पुरती वळायच्या आत. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. अभ्यासक्रमात समुद्रकाकडीला जेमतेम एक पान; सर त्या पानावर अख्खा पावसाळा काढत. आमच्या धारला तलाव हवे तेवढे आहेत, समुद्र मात्र कुठल्याच दिशेला जवळ नाही. बहुतेक पोरांनी तो मोबाइलवरच पाहिलेला. त्यांच्यासमोर हा माणूस हातात काचेची बरणी धरून उभा राही, आणि बरणीत औषधी पाण्यात बुडालेलं एक सुरकुतलेलं, तपकिरी, लांबट काहीतरी. कॉलेजातल्या पहिल्या दिवशी ते टेबलावर बघून मी विचारलं होतं, "कोणाचं वांगं राहून गेलं इथे?" दुसरा कोणी दुखावला असता. सरांनी खुर्ची ओढली, मला बसवलं आणि वांगं आणि समुद्रकाकडी यांच्यातला फरक सांगायला घेतला. माझा पुढचा तास बुडाला.

त्यांचं प्रात्यक्षिक गावात प्रसिद्ध होतं. एका परातीत वाळू घ्यायची, तिच्यात बारीक शेव कुस्करून मिसळायची. मग सर शर्टाच्या बाह्या वर सारत, दोन्ही हात तोंडापाशी नेऊन दहाही बोटं फाकत आणि म्हणत, "ही माझी बोटं नाहीत, तिची आहेत." काकडीच्या तोंडाभोवती अशीच बोटांची झालर असते आणि त्या बोटांना चिकट ओल असते. सरांकडे ओलीच्या जागी मध असे. मधात बुडवलेलं एक बोट ते वाळूत दाबत, जे चिकटेल ते तोंडात नेत, ओठ मिटून बोट स्वच्छ करून बाहेर काढत, आणि मग पुढचं बोट. मग त्याच्या पुढचं. घाई नाही, बघणं नाही. "तिला डोळे नाहीत," ते भरल्या तोंडानं सांगत, "म्हणून मीही बघत नाही." पहिल्या बाकावरच्या मुली तोवर तोंडाला ओढणी लावून बसलेल्या असत. तास संपताना सर गालात साठवलेली वाळू कागदावर काढून दाखवत. शेव गेलेली, वाळू राहिलेली.

वाळू धरमपुरीची, थेट नर्मदेतली. वहिनी ती धुऊन, कढईत शेंगदाण्यांसारखी भाजून द्यायच्या. एकदा घाटावर मी त्यांच्याबरोबर होते. बाकी सगळे माईचं पाणी बाटल्यांत भरून घेत होते आणि सर पिशवीत वाळू भरत होते. नावाड्यानं न राहवून विचारलं, "माट्साब, लोग तो जल ले जाते हैं, आप रेती?"

"भिया, जल पीने वाले बहुत हैं," सर म्हणाले. "रेती का भी तो कोई होना."

नावाडी बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मी त्यांची कोण, हे त्याला ठरवता येत नव्हतं आणि मीही काही मदत केली नाही.

तर ही काकडी समुद्राच्या तळाशी पडून राहते आणि वाळू खाते. नुसती वाळू खाऊन कोणाचं पोट भरणार? पण प्रत्येक कणावर डोळ्याला न दिसणारं काहीतरी बसलेलं असतं. बारीक शेवाळ, जंतू, वरून पडलेल्या मेलेल्या जिवांचा चुरा. काकडी सगळंच आत घेते. आत शरीराच्या कितीतरी पट लांब आतडं, घडी घालून तीन फेऱ्यांत बसवलेलं. त्यातून वाळू हळूहळू सरकत जाते, पाचक रस त्या कणांवरचं खाण्याजोगं तेवढं सोडवून घेतात, आणि मागच्या बाजूनं वाळूची लडी बाहेर पडते, सोऱ्यातून शेव पडावी तशी. शेवेचा दाखला सर नेहमी द्यायचे. वहिनींनी जेवणाच्या वेळी या विषयावर बंदी घातली होती. ती बंदी मोडली म्हणून सरांना एकदा ओट्यावर उभं राहून जेवावं लागलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

हे सगळं पुस्तकात ठेवलं असतं तर ते नुसते एक वेडे मास्तर झाले असते. त्यांनी ते अंगी लावून घेतलं होतं. परीक्षेचे पेपर आम्ही सगळे तपासायचो, म्हणजे वरवर बघून गुण द्यायचो. सर प्रत्येक उत्तर अथपासून इतिपर्यंत वाचत. एका पोरानं समुद्रकाकडीवर चार पानं लिहिली होती आणि त्यातली साडेतीन काकडीच्या कोशिंबिरीबद्दल होती. मधे कुठेतरी एक वाक्य होतं, की जिथे ही राहते तिथली जमीन नांगरल्यासारखी होते. सरांनी ते वाक्य सगळ्या स्टाफरूमला वाचून दाखवलं. पोरगा शेतकऱ्याचा होता, नांगरणं त्याच्या ओळखीचं. "बघा," सर म्हणाले, "गाळ खाल्ला म्हणून हे सापडलं." मी म्हटलं, "सर, बाकीचं अजीर्ण होत नाही?" ते म्हणाले, "आतडं लांब पाहिजे."

गावातले सगळे कंटाळवाणे लोक त्यांच्याकडे येत. स्वतःच्या मूळव्याधीचा इतिहास सांगणारे एक निवृत्त ओव्हरसियर होते, त्यांना बघून लोक गल्ली बदलत. सर त्यांना ओट्यावर बसवून चहा पाजत आणि सगळं ऐकून घेत. ते गेल्यावर मला म्हणत, "यांच्या बोलण्यात आज एक गोष्ट होती. बायको गेल्यापासून हे रात्री जेवत नाहीत." मग दुसऱ्या दिवसापासून वहिनी त्यांच्याकडे संध्याकाळचा डबा पाठवू लागल्या. मूळव्याध काही आटोपली नाही, पण ती गोष्ट सांगायला ते जरा कमी येऊ लागले.

आमच्याच स्टाफमध्ये वाणिज्य शिकवणारे एक जैन सर होते, पौर्णिमेला न चुकता मोहनखेड्याच्या तीर्थाला जाणारे. त्यांनी एकदा शांतपणे विचारलं, "सर, ये आपकी ककड़ी सूर्यास्त के बाद खाती है क्या?" ककडीसरांचा चेहरा पडला. काही जाती रात्रीच जास्त खातात, हे त्यांना माहीत होतं, आणि खोटं बोलणं जमत नव्हतं. "वहाँ नीचे," ते शेवटी म्हणाले, "सूर्य वैसे भी कम पहुँचता है." जैन सरांनी मान हलवली. काकडीला सूट मिळाली.

घरात मात्र सूट मिळत नव्हती. तिथे त्यांच्या वडिलांचं राज्य होतं. नाना नव्वदीला टेकलेले, ताठ, आवाज खणखणीत. घराणं संस्थानच्या काळात महाराष्ट्रातून आलेलं, आणि गावातल्या जुन्या राममंदिरात चैत्राच्या नवरात्रात एका दिवसाचं कीर्तन तेव्हापासून याच घराकडे. नानांचे आजोबा उभे राहिले, वडील राहिले, मग नाना. मराठी बोलत तेही जुन्या पेठेतलं. मला ते "देवासकर बाई" म्हणत. "देवासकर बाई, पेटी येत असेलच आपणांस." मी म्हटलं, शाळेत असताना थोडी शिकले होते, आता विसरले. त्यांनी ते विनय समजून सोडून दिलं. देवासच्या माणसाला गाणं येत नाही यावर कोणी विश्वासच ठेवत नाही. मी एका वर्षात त्यांच्या कीर्तनाला पेटी धरून बसू लागले, ती केवळ देवासच्या अब्रूखातर.

बापलेकांत भांडण नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं. सर तरुण असताना कॉलेजची सहल कच्छच्या आखाताकडे गेली होती. भरती ओसरली की तिथे उघड्या खडकांतून चालता येतं. त्या उथळ पाण्यात सरांनी पहिली जिवंत समुद्रकाकडी पाहिली, वाळू खाताना. ते तिथेच उकिडवे बसले. बाकीचे परत फिरले, गाडीत बसले, गाडी द्वारकेला गेली, देवाचं दर्शन घेऊन परत आली. सर पाणी गुडघ्यांपर्यंत चढेतो तिथेच होते. घरी आल्यावर त्यांनी आनंदानं नानांना सगळं सांगितलं. सगळं, म्हणजे दर्शन राहिलं तेही. नाना एवढंच म्हणाले, "द्वारकेच्या दारापर्यंत जाऊन हा किडा पाहून आला." ते वाक्य घरात पुढे तीस-पस्तीस वर्षं राहिलं. पाहुणे आले की नाना ते त्यांना ऐकवत आणि सर पाहुण्यांना पाणी देत.

एका थंडीत नानांना अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, पाय काठीवर आला, पण वाचा पुरती परतली नाही. दोन-तीन शब्द, मधे थांबा, पुन्हा दोन शब्द. ज्या माणसानं तास-दोन तास एका दमात आख्यान लावलं, त्याला पाणी मागायलाही दोन खेपा लागत. होळी झाली तेव्हा मंदिराचे सचिव घरी आले. सगळे त्यांना भाऊ म्हणत. माणूस चांगला, पण गर्दीचा भोक्ता.

"सर, असं करून घेऊ ना," भाऊ म्हणाले, "तुमच्या दिवशी भजनसंध्या ठेवून देतो. इंदूरची पार्टी आहे, पब्लिक पण येते आणि बसून पण राहते. कीर्तनाला मागच्या साली कोण होतं? तुम्ही, आम्ही आणि चार मावश्या. त्यातल्या दोन झोपून गेल्या होत्या."

"आणि पुढच्या वर्षी?" सरांनी विचारलं.

भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. "नियम तर जुनाच आहे, भिया. घरातला कोणी गादीवर उभा राहिला, आरतीपर्यंत राहिला, तर दिवस घरचा. नाही तर मग मंदिराचा. एकदा गेला की गेला."

"मी उभा राहतो," सर म्हणाले.

आतल्या खोलीतून काठी आपटल्याचा आवाज आला. आम्ही आत गेलो. नाना पलंगावर उठून बसले होते. "तू," ते म्हणाले, आणि थांबले. "काकडी... सांगशील."

"मला दुसरं काही येत नाही, नाना. पुराणातलं सांगायला गेलो तर खोटं वाटेल. हे मला खरं येतं."

"मग दिवस... सोड." त्यांनी श्वास घेतला. "मी नाही... येणार." आणि ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

त्या संध्याकाळी सर माझ्या खोलीत आले आणि पेटीसमोर बसले. त्यांना दिवस गमवायचा नव्हता, हे तर उघडच होतं. तीन पिढ्यांचं त्यांच्या हातून सुटलं असतं. पण त्याहून जास्त त्यांना दुसरंच हवं होतं आणि ते त्यांनी सरळ सांगितलं. "जन्मभर मी त्यांच्यासमोर बसून ऐकलं. एकदा त्यांनी माझ्यासमोर बसावं." मी त्यांना सूर दिला. त्यांनी लावला तो सूर कुठला होता हे मला अजून सापडलेलं नाही.

पंधरा-वीस दिवस आम्ही तालीम केली. पेटी एकीकडे, सर दुसरीकडे आणि तबलेवाला बिचारा मधे. सरांनी स्वतः ओव्या रचल्या होत्या. चाल बसेना तेव्हा ते म्हणत, "तिला मेंदूच नाही, तरी तिचं चालतं. माझं का नाही चालणार?" खालून नानांच्या खोलीचं दार धाडकन लागे. उघडलेलं असे म्हणूनच लागे, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही.

दिवस उजाडला. संध्याकाळी मंदिरात बघते तो पाय ठेवायला जागा नाही. ककडीसर धोतर नेसून गाणार ही बातमी कॉलेजभर पसरली होती आणि पोरं झुंडीनं आली होती. निम्म्यांना मराठी जेमतेम समजत होतं. भाऊंचा चेहरा फुलला होता. सरांच्या डोक्यावर नानांची पगडी होती. ती कानांवर उतरत होती, म्हणून वहिनींनी आतून वर्तमानपत्र कोंबलं होतं. देवासमोर गादी, म्हणजे घडी घातलेलं एक पांढरं वस्त्र, त्यावर सर. अगदी पुढे नानांसाठी सतरंजी घालून ठेवली होती. ती रिकामी होती. पूर्वरंग संपेपर्यंत सर दर दोन वाक्यांनी तिच्याकडे बघत होते.

आणि पूर्वरंग बरा गेला, हे मला मान्य केलं पाहिजे. अभंग त्यांनी गायला नाही, म्हटला. मग जगात राहावं कसं यावर बोलू लागले. टाकून द्यावं असं काही नसतं, सगळं आत घ्यावं, धीरानं चाळावं. पोरं ऐकत होती. सर रंगात आले होते, हात वर गेला होता, "म्हणून ज्याला आपण गाळ म्हणतो, तो" एवढं म्हणाले, आणि दर्शनाला आलेल्या कोणीतरी देवळाची घंटा वाजवली.

सर थांबले. "बाकीचं उद्या," म्हणाले, उपरणं झटकलं आणि गादीवरून खाली उतरले.

इतक्या वर्षांची सवय. घंटा झाली, तास संपला. गंमत म्हणजे पोरंही त्याच सवयीनं उठली आणि चपला शोधू लागली. माझी बोटं पेटीवर तशीच राहिली. आधी हशा झाला. मग मावश्यांपैकी एक मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई, उतरले की हो. आरती राहिली ना."

तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं. सरांच्याही. ते गादीच्या कडेशी उभे होते, पगडी वाकडी, चेहरा पांढरा पडलेला. आरतीआधी गादी सोडली म्हणजे कीर्तन झालंच नाही. भाऊ विश्वस्तांकडे बघत होते, विश्वस्त भाऊंकडे. पुन्हा चढता येतं की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. ज्याला माहीत असतं तो माणूस घरी भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी सरांना रागानं हाक मारणार होते, पण राग टिकेना. त्या क्षणी मला त्या माणसाबद्दल जी माया वाटली ती आजवर फार थोड्या माणसांबद्दल वाटली आहे.

"चढ," मागून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. चपलांच्या ढिगापाशी, खांबाच्या आड, प्लास्टिकच्या खुर्चीत नाना बसले होते. शेजारी वहिनी. कीर्तन सुरू झाल्यावर रिक्षा करून दोघं आली होती आणि मागेच बसली होती.

"आरती... नाही झाली," नाना म्हणाले. एकेक शब्द ते ओझं उचलल्यासारखा उचलत होते. "घंटा... देवाची. कॉलेजची... नाही. चढ... वर."

"नाना म्हणतात तर चढून जा," मावशी म्हणाली. भाऊंनी हात जोडून मान हलवली. सर चढले. पोरं परत बसली. मी सूर धरला आणि नवल म्हणजे सरांचा आवाज या वेळी त्याच्या आसपास कुठेतरी लागला.

नाही डोळा नाही कान । नाही मस्तक ना मान ।
वाळू हेंचि अन्नपान । चाले तिचें ॥

घेई मुखीं सर्व गाळ । पोटीं ठेवी सार केवळ ।
उरलें तें करूनि निर्मळ । परत देई ॥

मग आख्यान. समुद्राचा तळ, अंधार, त्यात ही पडलेली. सरांनी दहा बोटं फाकली तेव्हा पोरांनी टाळ्याच वाजवल्या. मराठी अडलं तिथे सर हिंदीत शिरले, हिंदी अडलं तिथे माळवीत. आतड्याचा भाग आला तेव्हा त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, कमरेचा शेला सोडला, त्यांना गाठ मारली आणि ते सगळं स्वतःभोवती गुंडाळून आतड्याच्या तीन फेऱ्या दाखवल्या. वाळूचा कण कुठून निघाला, कुठे वळला, कुठे थबकला, सगळं. फार लांबलं. तबलेवाल्यानं दोनदा हात पुसले. "आपण सकाळी पोहे खातो, दुपारी बाफले, संध्याकाळी कचोरी," सर म्हणाले, "आणि मागे काय ठेवतो? नगरपालिकेला विचारा. ती जेवून उठते तेव्हा जागा आधीपेक्षा स्वच्छ असते." मावश्या हसून हसून एकमेकींवर पडल्या. या खेपेला एकही झोपली नव्हती.

मग खेकडा आला. काकडीला पळता येत नाही, चावता येत नाही. ती स्वतःचं आतडंच बाहेर टाकते. खेकडा त्यात गुंततो आणि ही निसटते. "निसटली," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज खाली आला. "पण आत काही उरलं नाही. आता ती खात नाही, हलत नाही. नुसती पडून असते. लोकांना वाटतं, संपली." ते खांबाकडे बघत होते. "संपलेली नसते. आत सगळं नव्यानं उगवत असतं. वेळ लागतो. आपण थांबायचं."

मावशीनं पदरानं डोळे पुसले. "खायला लागली का हो मग ती?"

"लागली," सर म्हणाले. "पहिलं बोट वाळूत घातलं तिनं." आणि त्यांनी मला आरतीची खूण केली.

आरती झाली. मग लोक रांगेनं पुढे येऊ लागले, कारण कीर्तनकार गादीवर आहे तोवर तो कोणाचा मुलगा नसतो आणि कोणाचा मास्तर नसतो. तिथे लहान-मोठं बघत नाहीत, जो तो पाया पडतो. पोरांनी ते मावश्यांचं बघून केलं. भाऊही पाया पडले. रांग संपली आणि वहिनींचा हात धरून, काठी टेकत, नाना आले.

सर एकदम मागे सरले. "नाना, नको."

"तुला... नाही," नाना म्हणाले. "गादीला." आणि वहिनींच्या आधारानं ते वाकले. वाकायला वेळ लागला, उठायला त्याहून जास्त. तेवढा वेळ सगळं देऊळ उभं होतं. उठून त्यांनी सरांची पगडी नीट बसवली. आतलं वर्तमानपत्र कुरकुरलं.

"पुढच्या वर्षी," ते म्हणाले, आणि श्वासाला थांबले. "आतडं... आवर जरा. लोकांना... जेवायचं असतं."

सरांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि पुसायला उपरणं नव्हतं, ते अजून आतड्याच्या तिसऱ्या फेरीत गुंतलेलं होतं. दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना त्यांनी मला समजावून सांगितलं की कीर्तनात लावतात तो बुक्का फार बारीक असतो, तो डोळ्यांत गेला की अश्रुग्रंथी आपोआप स्रवू लागतात, यात भावनेचा संबंध नाही. मी सगळं ऐकून घेतलं. बुक्का कपाळाला लावतात, हे मी त्यांना म्हटलं नाही.